शेठ, मुकादम आणि वरची खाच

रविवार, सातवी माळ

आज घरात खोकी आली. आधीच चार माणसांचं घर, त्यात ही खोकी, आता पाय कुठं टाकायचा ते विचारून टाकावं लागतंय. नातीनं, तेजश्रीनं, सगळी बाहेरच्या खोलीत मांडली आणि मला म्हणाली, "आजी, यातलं काही फडक्यानं पुसायचं नाही." मी कुठं पुसते? एकदाच पुसलं होतं, तेव्हा कसलीशी बारीक काडी मोडली, ते अजून काढते.

ही डायरी तिनंच दिली. मोतीबिंदू काढला तेव्हा म्हणाली, रोज चार ओळी लिही, डोळा किती साफ झाला ते कळेल. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं होती आणि घरी म्हैस होती, तिला राखायला कोणीतरी हवं होतं. चार ओळी कुठल्या पुरतात, मी सुरू झाले की पान संपतं.

तर तेजी कॉम्प्युटरचा डिप्लोमा शिकली. नोकरी नको म्हणते. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचे आणि विकायचे, हा तिचा धंदा. आजवर शेजारपाजारचे दुरुस्त केले, आता पहिली मोठी ऑर्डर आलीय. खांदेश्वरचा केतन म्हणून आहे, लग्नाची शूटिंग करतो आणि मग बसून कापाकापी, जोडाजोडी करतो. त्यानं सांगितलंय, हा एक बरा चालला तर तुळशीची लग्नं लागायच्या आत स्टुडिओतले सगळे तुझ्याकडूनच बदलून घेईन.

आणि कृष्णात, माझा मुलगा, तिचा बाप, रबाळ्याला कारखान्यात फिटर आहे. त्यानं साहेबाला गळ घालून स्टोअरच्या ऑफिसात तिच्यासाठी जागा धरून ठेवलीय. कोजागिरीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं. बापलेकीचं ठरलंय, केतनचं काम जमलं तर रबाळे नाही, फसलं तर गुपचूप डबा घेऊन बापाबरोबर निघायचं. मी मध्ये पडले नाही. फक्त देवीच्या कानावर घातलंय. कोणाच्या बाजूनं घातलं ते लिहीत नाही, कृष्णात कधी ही डायरी उघडेल त्याचा नेम नाही.

बुधवार, खंडेनवमी (यंदा माळ एक जास्त)

आज फार आनंद झालाय.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. गावाकडं विळा, कोयता, कुऱ्हाड पाटावर मांडायचो. इथं माझे मालक, तेजीचे आजोबा, होते तेव्हा त्यांचा हूक पुजायचे. तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायला लागतो तो लोखंडी हूक. आता पाटावर कृष्णातचे पाने, सूनबाईची कात्री आणि तेजीचे स्क्रू ड्रायव्हर. इतके लहान स्क्रू ड्रायव्हर, मला तर बाहुलीचे वाटतात.

मालक गेल्यापासून मी कुंकवाच्या करंड्याला हात लावत नाही. पूजा सूनबाई करते, मी लांबून नमस्कार करते. कोणी मला नको म्हटलं नाही, माझी मीच मागं सरते. तर आज तेजी म्हणाली, "आजी, माझ्या सामानाची पूजा तू करायची." मी म्हटलं, "अगं, मी कशी?" तर म्हणाली, "हात तुझा, सामान माझं, तिसऱ्याचा काय संबंध?" सूनबाईनं करंडा माझ्यापुढं ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. डोळे पुसायला गेली असणार, तिला वाटतं मला कळत नाही.

तेजी अंघोळीला गेली. मी कुंकू चांगलं पाण्यात कालवलं. स्क्रू ड्रायव्हरला लावलं. मग म्हटलं, मुख्य देव तर हा, मदरबोर्ड. कागदावर उघडा ठेवलेला, हिरवा नाही की निळा नाही, काळा कुळकुळीत. त्यावर खूप खाचा. एक खाच लांब, तिला चंदेरी किनार. सगळ्यात मानाची तीच दिसली. म्हणून तिथं बोट टेकवलं, चांगलं भरून. वरून अक्षता.

तेजी आली, तिनं पाहिलं, टॉवेल हातात तसाच. बोर्डाजवळ येऊन वाकली. देवाच्या गोष्टीत ती अशीच हळवी आहे. मग म्हणाली, "छान लावलंस आजी." मी म्हटलं, "लावलेलं कुंकू पुसायचं नसतं, माहीत आहे ना?" म्हणाली, "माहीत आहे. कोण पुसतंय."

अक्षता मात्र चिमट्यानं एकेक वेचल्या. मग दिवसभर जोडत बसली. ग्राफिक्स कार्ड म्हणून एक जडशीळ वस्तू असते, दोन पंखे असलेली, चित्राची सगळी कामं ती करते. ती तिनं खालच्या खाचेत बसवली. वरची, माझ्या कुंकवाची, रिकामी ठेवली. कृष्णातनं विचारलंसुद्धा, "वर का नाही?" तर म्हणाली, "खालची पण तेवढीच लांब आहे पप्पा, चालतं." मानाची जागा मोकळी सोडली पोरीनं. कोणी शिकवलं नाही तिला, रक्तातच असतं.

गुरुवार, दसरा

केतन येऊन कॉम्प्युटर घेऊन गेला. मी त्याला आपट्याची पानं दिली, त्यानं वाकून नमस्कार केला. केस पोरींसारखे बांधतो, पण वळण चांगलं आहे. पुरणपोळ्या तीन खाल्ल्या. चौथी डब्यात बांधून दिली.

शनिवार

दिवस चांगला उगवला होता. बोंबील ताजे मिळाले, नवरात्र संपायची वाटच बघत होते सगळे. आमच्या करंजाड्यात मासेवाली आता लिफ्टनं वर येते, पाटी घेऊन. सोसायटीचा सेक्रेटरी ओरडतो, लिफ्टला वास येतो म्हणून, आणि सगळ्यात मोठी सुरमई तोच घेतो.

जेवायला बसलो आणि केतनचा फोन आला. तेजीचं तोंड उतरलं. तो मोठ्यानं बोलतो म्हणून मलाही ऐकू येत होतं. "मॅडम, एका कॅमेऱ्याचं चालतं. तीन कॅमेरे एकदम टाकले की अडकतो. नवरी हार घालते, हार हवेतच राहतो. माझा जुना डबडा यापेक्षा बरा." मग म्हणाला, "कार्ड डुप्लिकेट तर नाही ना? राग मानू नका."

तेजी म्हणाली, "सगळा माल पॅकबंद आहे. उद्या आणून द्या, मी बघते."

फोन ठेवला आणि बोंबलाला हात लावला नाही. कृष्णात ताटात बघूनच म्हणाला, "साहेब विचारत होते, सोमवारचं नक्की ना. पुढच्या." तेजी म्हणाली, "अजून पुढचा सोमवार लांब आहे पप्पा." सूनबाईनं दोघांच्या ताटात भात वाढला, नको म्हणत असताना. आमच्या घरात भांडण असंच मिटतं, बोलायला तोंड रिकामं ठेवायचं नाही.

मी देवीला पुन्हा सांगितलं. या वेळी जरा आवाज चढवून.

रविवार

केतन कॉम्प्युटर ठेवून गेला. आज चहासुद्धा घेतला नाही.

तेजीनं बाजूची काच काढली. एक बारकं पुस्तक असतं बोर्डाबरोबर, ते घेऊन बसली, मुंगीएवढी अक्षरं. मग पडद्यावर काहीतरी उघडलं, वाचलं आणि कपाळावर हात मारला. "सोळाच्या जागी दोन," म्हणाली.

मी म्हटलं, "मला सांग."

"तुला कसं सांगू?"

"जसं येईल तसं. मी कुठं परीक्षेला बसणार आहे."

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "आजी, आजोबांच्या मार्केटात शेठ असायचा ना गाळ्यावर?" बोर्डाच्या वरच्या अंगाला मोठा पंखा आहे, त्याच्याखाली प्रोसेसर असतो, तो शेठ. सगळे हिशेब तो करतो. आणि खाली कोपऱ्यात पत्र्याची टोपी घालून बसलाय तो चिपसेट. तो मुकादम. आता मुकादम म्हटल्यावर मला बाकी काही सांगायला लागत नाही, आमच्या मालकांची सगळी हयात मुकादमाच्या शिटीवर गेली. टोळीला कामाला लावणारा तो, कोणाची गोणी आधी, कोणाची नंतर, सगळं त्याच्या हातात.

"वरची खाच थेट शेठच्या गाळ्यात उघडते," तेजी म्हणाली. "सोळा पदरी रस्ता. मध्ये कोणी नाही. खालची खाच मुकादमाकडं जाते. मुकादमाला शेठकडं जायला एकच वाट, आणि त्याच वाटेवर डिस्क, नेट, पेन ड्राइव्ह, माऊस, सगळ्यांच्या गोण्या."

"मग गर्दी होणार."

"होणारच. खालची खाच लांब आहे, पण आत पदर चारच. त्यात मी दुसरी डिस्क जिथं बसवली, तिनं त्यातले दोन काढून घेतले. उरले दोन. कार्ड बिचारं पहिलवान आहे, पण त्याला बोळातून गोण्या न्यायला लावल्या मी."

या वाटांना ती बस म्हणते. मी विचारलं, आपल्या थांब्यावर कधी वेळेत येत नाही तीच का? तेव्हा कुठं हसली पोरगी, कालपासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, "मग मोठा मुकादम आण." तर म्हणाली, असतो, महागड्या बोर्डावर असतो, त्याची वाट रुंद असते, त्याच्या हाताखाली जास्त खाचा वेगानं चालतात. पण केतनच्या कामाला हाच पुरेल. कार्ड फक्त वर हवं.

"मग वरच का नाही बसवलंस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पुस्तकाकडं बघितलं. म्हणाली, "चुकलं आजी. लांबी बघितली, पदर नाही बघितले."

मी म्हटलं, "काही बिघडत नाही. मानाची जागा मोकळी ठेवली होतीस, आता बसव. देवीचं कुंकू आहेच तिथं, पाठीशी राहील."

ती म्हणाली, "हो." आणि पुस्तकात तोंड घातलं.

सोमवार, कोजागिरी

मसाला दुधाला आज मी कोणाला हात लावू दिला नाही. चारोळी, जायफळ, केशराच्या चार काड्या. सूनबाई साखर जास्त घालते, मी डबाच लपवला.

कृष्णात ड्यूटीवरून आला तो पिशवीत कारखान्यात मशीन साफ करतात त्या फवाऱ्याचा डबा घेऊन, आणि एक मऊ ब्रश. तेजीनं दुपारी त्याला फोन केला होता, मला कळलं होतं, कारण फोन करायला ती जिन्यात गेली होती. घरात जागा असताना जिन्यात कोण जातं?

आला तो मला म्हणाला, "आये, दूध उतू जाईल, तू आत थांब."

दूध कसलं उतू जातंय, पातेलं केवढं मोठं. पण गेले. दारातून बघितलं तर दोघांची डोकी त्या बोर्डावर टेकलेली. कृष्णातनं बॅटरी धरली होती, ट्यूबलाइट चालू असताना. तेजी ब्रशनं वरची खाच साफ करत होती, हळूच, लहान बाळाचा कान साफ करावा तशी. बापलेक इतक्या जवळ बसलेले मी तिच्या पाटी-पेन्सिलीच्या वेळेनंतर आज बघितले. पुसायला घेतलेला कापूस लालसर झाला होता.

मी विचारलं, "काय रे ते?"

कृष्णात म्हणाला, "धूळ, आये."

"लाल?"

"करंजाड्यात सगळीकडं खोदकाम चाललंय. लाल माती उडते."

हे मात्र खरं. सकाळी गॅलरी धुवावी तर दुपारी तीच गत. पण तेजीला काय झालं कोण जाणे, ओढणी तोंडात कोंबून हसत होती, आणि कृष्णात तिला म्हणत होता, "हात हलवू नको, पिना वाकतील." त्याचंही तोंड फुगलेलं. दिवसभर राबल्यावर माणसाला कशाचंही हसू येतं.

चांगलं वाळू दिलं. मग कार्ड वर बसवलं. खट् असा आवाज आला, कृष्णात म्हणाला, "बसलं." फिटरला तो आवाज कळतो. कॉम्प्युटर चालू केला. तेजीनं पडदा बघितला.

"पप्पा, सोळा."

"सोळा?"

"पूर्ण सोळा."

मग तो तिथंच फरशीवर मांडी घालून बसला आणि विचारत राहिला. हे कुठं जातं, ते कशाला. ती सांगत होती, शेठ आणि मुकादम करूनच सांगत होती, माझी युक्ती वापरत होती. तो म्हणाला, "आमच्याकडं हवेची लाइन अशीच होती. शेवटच्या मशीनला प्रेशर पोचायचं नाही. महिनाभर मशीनला शिव्या दिल्या, मग कळलं मधला पाइप बारका." तेजी म्हणाली, "तेच हे." तो म्हणाला, "हं."

दूध दोन पेले प्याला. दरवर्षी एक पितो.

मंगळवार

केतन न्यायला आला. तेजीनं सरळ सांगितलं, "चूक माझी होती. कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये लावलं होतं."

मला रागच आला. सगळं स्वतःच्या डोक्यावर कशाला घ्यायचं? मी म्हटलं, "अरे, मुकादमाचा घोळ होता. वाट बारकी. आता थेट शेठशी बोलणं आहे, काळजी करू नको." केतन माझ्याकडं बघत राहिला. मग तेजीला म्हणाला, "मॅडम, आजवर ज्यानं त्यानं मला व्हायरस आहे म्हणून सांगितलं. चूक माझी, असं कोणी बोललं नव्हतं." आणि चहा मागून घेतला. साखर दोन चमचे.

गुरुवार

केतनचा फोन. तेजीनं स्पीकरवर लावला, हात पिठाचे होते तिचे. आज पहिल्यांदा तिनं भाकरी थापली, आकार विचारू नका.

"मॅडम, चार कॅमेरे टाकले. हार बरोबर गळ्यात पडतोय. स्टुडिओचे बाकीचे पण करायचे, कधी सुरू करता? आणि आजींना सांगा, शेठ जोरात आहे."

मी तिथूनच ओरडले, "मुकादमाला पण विचारत जा, तोही राबतो."

सूनबाईनं शेवया केल्या. शेजारच्या भिमाबाईंनी विचारलं, मुलीचं लग्न ठरलं का? म्हटलं, नाही हो, चार कॅमेरे चालले. त्या वाटी घेऊन गेल्या, पण समजल्यासारखं दिसलं नाही.

कृष्णात आल्यावर सांगितलं. "बरं झालं," एवढंच. कपडे बदलून गॅलरीत जाऊन बसला.

शनिवार

आज बोलणं झालंच. तेजी म्हणाली, "पप्पा, ठरल्याप्रमाणे आता रबाळे नाही ना?" कृष्णात म्हणाला, "एक गिऱ्हाईक म्हणजे धंदा नाही. त्याच्यानंतर कोण? मी साहेबाला शब्द दिलाय, माझ्या शब्दावर जागा थांबलीय." तेजी म्हणाली, "मला पण शब्द दिला होता." त्याचंही चुकत नाही, त्यानं बापाची पाठ बघितलीय, गोण्यांनी वाकलेली. पोरगी पंख्याखाली खुर्चीत बसावी, यापलीकडं त्याला काही नकोच आहे. आणि तिचंही चुकत नाही. दोघांचंही बरोबर असलं की मध्ये म्हातारीनं काय करायचं, लसूण सोलायचा. अख्खा गड्डा सोलला.

रविवार

तेजीनं सोमवारचा ड्रेस इस्त्री करून दाराला अडकवला. निळा. केतनला फोन करून सांगितलं, संध्याकाळी आणि रविवारी करून देईन, जरा वेळ लागेल. आवाज बरा ठेवला होता तिनं. मग बाकीची खोकी आली होती ती उघडून रात्री जेवणापर्यंत बोर्डच लावत बसली. कृष्णात सोफ्यावरून बघत होता. मध्येच उठून तिचा पंखा तिच्याकडं वळवून आला.

सोमवार

रोजच्यासारखी आधी उठले. दोन डबे भरले, बाप आणि लेक. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. तेजीच्यात लोणच्याची फोड जास्त, तिथं पहिला दिवस, ओळख ना पाळख, जेवताना तरी बरं वाटावं.

कृष्णात अंघोळ करून आला. तेजी खोक्यांच्या मधोमध गाढ झोपलेली, एक हात मदरबोर्डाच्या खोक्यावर. मी म्हटलं, "उठव तिला, उशीर होईल."

तो म्हणाला, "झोपू दे. दमलीय."

तिचं टेबल आहे ना खिडकीशी, मालकांच्या ट्रंकेवर फळी टाकून केलेलं, तिथं तो गेला. स्क्रूची डबी जरा बाजूला सारली. तिचा डबा उचलून तिथं ठेवला, पाण्याची बाटली शेजारी. मग दाराला लटकलेला निळा ड्रेस काढून घडी घालून कपाटात ठेवला. माझ्या मुलाला ड्रेसची घडी घालता येते, हे मला आज कळलं. बायकोसारखी नाही घातली, पण घातली.

चपला घालताना म्हणाला, "आये, ती उठली की चहा दे. आणि तिच्या कामात बोलत बसू नकोस."

मी कुठं बोलते?

तो लिफ्टनं खाली गेला. मला आठवलं, आज रबाळ्याला तिला घेऊन जायचं होतं. पन्नाशी आली की माणूस विसरतो. हाक मारायला गॅलरीत गेले, तर खाली तो गेटमधून एकटाच चालला होता, शीळ घालत.

नाही मारली हाक. चहा ठेवला.